सुब्जाँक्तिफ, मराठीतून: एका ऑनलाइन वर्गाचं परीक्षण

फ्रेंचचे वर्ग पुण्यात पैशाला पासरी. पण फ्रेंचमधला फक्त एकच भाग, तोही वर्तमानकाळातला सुब्जाँक्तिफ (इच्छा, गरज, शंका, भावना अशांच्या मागे येणारं क्रियापदाचं वेगळं रूप), आणि तोही मराठीतून शिकवणारा वर्ग मी याआधी ऐकला नव्हता. शनिवार-रविवार सकाळी साडेसात ते नऊ, झूमवर, दोन महिने, फी साडेचार हजार. शिकवणाऱ्या बाई निवृत्त प्राध्यापिका आहेत, राहायला सदाशिव पेठेत. ‘माझं नाव कुठे लिहायचं नाही’ असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलंय, तेव्हा इथे त्या नुसत्या मादाम.

मी हिंजवडीत एका विमा कंपनीच्या फ्रेंच विभागात काम करते. फ्रान्समधल्या कुणाच्या तरी स्वयंपाकघराचं छत वरच्या बिऱ्हाडाच्या गळक्या नळाने ओलं होतं, तो वैतागून मेल लिहितो, आणि ती मेल माझ्याकडे येते. दहावीला मार्कांसाठी घेतलेलं फ्रेंच असं पोटापाण्याला लागलं. मेलचे ठरावीक साचे असतात, त्यात सुब्जाँक्तिफ ठासून भरलेला असतो आणि तो चिकटवायला डोकं लागत नाही. ‘आफँ क नू प्विसियों त्रेते व्होत्र दोसिये’, म्हणजे तुमचं प्रकरण आम्हाला मार्गी लावता यावं म्हणून. हे वाक्य आमच्या मजल्यावर झोपेतही म्हणतील. अडतं ते फोनवर. समोरचा माणूस भरभर बोलत असतो, आपल्याला ‘पाहिजे की तुम्ही’ असं काहीतरी म्हणायचं असतं, आणि क्रियापदाचं रूप ऐन वेळी दगा देतं. आमच्याकडचे निम्मे लोक अशा वेळी वाक्यच वळवून दुसरीकडून काढतात. मला ते वळण नको होतं, म्हणून हा वर्ग.

पहिल्या तासाला तक्ता नव्हता. मादामनी पडद्यावर एका वाड्याच्या दारावरच्या पाटीचा फोटो लावला: ‘बेल एकदाच वाजवावी. दुपारी एक ते चार वाजवूच नये.’ आणि विचारलं, ‘वाजवावी, यातला अर्थ कोणता?’ वर्गात शांतता. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ हे शाळेत घोकलेलं कुणालाच धड आठवेना. शेवटी बॅचमधले एक निवृत्त बँकवाले काका (नातवंडं लियोंला आहेत, ती मराठी बोलत नाहीत, म्हणून आजोबाच फ्रेंच शिकतायत) हळूच म्हणाले, ‘विध्यर्थ?’ मादाम म्हणाल्या, ‘झालं. पन्नास टक्के सुब्जाँक्तिफ तुम्हाला घरात बसून येतोय.’

पन्नास टक्के हा आकडा त्यांनी फार विचार करून टाकला होता हे मला नंतर कळलं. उरलेल्या पन्नासबद्दल माझी तक्रार आहे, ती पुढे. आधी पहिल्या अर्ध्याचं कौतुक, कारण ते खरोखरच अप्रतिम आहे.

आपण ‘त्याला सांग, तो येतोय’ आणि ‘त्याला सांग, त्याने यावं’ यांत जो फरक करतो, तो करायला आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. फ्रेंचमध्ये नेमका हाच फरक क्रियापदाच्या शेवटात आहे. ‘दी-लुई किल व्हियँ’ म्हणजे तो येतोय असं सांग. ‘दी-लुई किल व्हियेन’ म्हणजे त्याने यावं असं सांग. पहिल्यात बातमी, दुसऱ्यात निरोप. इंग्रजीतून शिकवताना इथे दोन वेगळी बांधणी दाखवावी लागते आणि मुलं गोंधळतात. मराठीतून सांगितलं की कुणालाच शंका येत नाही. मादामनी या एका जोडीवर अख्खा तास घालवला. सांग, लिही, ओरड, कळव, प्रत्येकाबरोबर येतोय आणि यावं. तास संपला तेव्हा वर्गातल्या सगळ्यांचे कान शेवटच्या ‘न’वर टेकलेले होते.

दुसरी गोष्ट कर्त्याची. ‘मला जायचंय’ आणि ‘त्याने जावं असं मला वाटतं’. आपण ‘मी जावं असं मला हवंय’ असं सहसा म्हणत नाही, कानाला खटकतं. फ्रेंचही म्हणत नाही. इच्छा करणारा आणि काम करणारा एकच असेल तर मूळ धातू पुरे: ‘ज व्हॅ पार्तीर’. माणसं दोन असतील तरच ‘क’ (आपला ‘की’) येतो आणि त्याच्या मागून सुब्जाँक्तिफ: ‘ज व्हॅ किल पार्त’. हा नियम मी याआधीही वाचलेला होता, पण तिथे तो अपवादासारखा खाली बारीक अक्षरात असायचा. इथे तो नियम न सांगताच बसला.

तिसरी गोष्ट काळाची, आणि ती मला सगळ्यांत आवडली. ‘त्याने यावं असं वाटतं’, ‘त्याने यावं असं वाटत होतं’. मुख्य वाक्य भूतकाळात गेलं तरी ‘यावं’ जागचं हलत नाही. आजच्या फ्रेंचमध्येही तसंच. ‘ज व्हुलॅ किल व्हियेन’, माझी इच्छा होती की त्याने यावं, यात ‘व्हियेन’ वर्तमानातलंच. पूर्वी इथे भूतकाळाचा वेगळा सुब्जाँक्तिफ लागायचा, ‘किल व्हँ’ असा. जुन्या कादंबऱ्यांत तो सापडतो. बोलण्यातून तो गेला, आणि 28 डिसेंबर 1976 च्या फ्रेंच शासनाच्या आदेशाने परीक्षांमध्येही त्याच्या जागी वर्तमानातलं रूप चालवून घ्यायला मुभा दिली. म्हणजे हा एक तक्ता आला की बोलण्यापुरतं भागतं. इच्छा करतानाच काम उरकून झालेलं असेल तर तेवढा जोडक्रियापदाचा ‘पासे’, म्हणजे झाल्या कामाचा सुब्जाँक्तिफ, लागतो. मादाम त्याचं वेगळं दुकान मांडतात, त्याबद्दल शेवटी.

आता रूपं. वर्गाची खरी कमाई इथे आहे. मादाम रूपं डोळ्यांनी शिकवत नाहीत, कानांनी शिकवतात. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटचं व्यंजन बहुधा मुकं असतं. ‘इल पार’, तो निघतो. ‘इल दॉर’, तो झोपतो. ‘इल मे’, तो ठेवतो. ‘इल फिनी’, तो संपवतो. सुब्जाँक्तिफ लागला की त्या मुक्या व्यंजनाला वाचा फुटते: पार्त, दॉर्म, मेत, फिनिस. ‘इल प्राँ’चं प्रेन होतं, ‘इल ब्वा’चं ब्वाव्ह, ‘इल दी’चं दीझ, ‘इल एक्री’चं एक्रीव्ह. आणि हे व्यंजन कुठून आणायचं? अनेकवचनातून. ‘ते’ येतात, घेतात, पितात याची वर्तमानकाळातली रूपं कानाला अशीच लागतात: इल व्हियेन, इल प्रेन, इल ब्वाव्ह. ती उचलायची आणि ‘क’च्या मागे ठेवायची. ज (मी), त्यु (तू), इल (तो) आणि अनेकवचनी इल (ते), चौघांचा उच्चार एकच. नू (आम्ही) आणि व्हू (तुम्ही) यांना मात्र जुन्या चालू भूतकाळाची रूपं जशीच्या तशी: नू प्रनियों, व्हू प्रनिये, नू ब्युव्हियों. म्हणजे नवं पाठ करायला जवळजवळ काहीच नाही, जे येतं तेच दोन ठिकाणांहून गोळा करायचं.

‘एर’वाल्या क्रियापदांत तर तेवढंही नाही. फ्रेंच क्रियापदांतली बहुतेक याच गटातली, आणि त्यांत एकवचनात काहीच बदलत नाही. ‘इल पार्ल’ तो बोलतो, ‘इल फो किल पार्ल’ त्याने बोललं पाहिजे. फरक दिसतो तो फक्त पार्लियों, पार्लिये मध्ये. फ्रेंच माणूससुद्धा दिवसातून कितीतरी वेळा सुब्जाँक्तिफ वापरतो आणि त्याचं त्यालाही कळत नाही, असं मादाम म्हणाल्या तेव्हा काकांचा चेहरा उजळला होता.

राहिली ती न ऐकणारी मंडळी. असणं, जवळ असणं, करणं, जाणं, जाणणं, शकणं, इच्छिणं, किंमत असणं आणि ‘फो’चं, म्हणजे ‘पाहिजे’चं, मूळ असलेलं क्रियापद. यांना वरचा नियम लागू नाही. ‘ते करतात’ हे ‘इल फों’, पण सुब्जाँक्तिफ ‘फास’. ‘ते जातात’ हे ‘इल व्हों’, पण सुब्जाँक्तिफ ‘आय’. यांच्यासाठी मादामनी एक मंत्र दिलाय, तो वर्गाचा राष्ट्रगीत झालाय: फास, साश, प्विस, आय, व्हय, व्हाय, फाय, आणि शेवटी स्वा, ए. यात गळ्यातला फास आहे, गावाकडची आय आहे आणि तिचं ‘व्हय’ पण आहे. ‘व्हय’ इच्छिणाऱ्याचा, ‘व्हाय’ किंमतवाल्याचा, ‘फाय’ फोवाल्याचा. नू आणि व्हूला पहिले तिघे आपलं तोंड बदलत नाहीत (फासियों, साशियों, प्विसियों), पण आय आणि व्हय लगेच मूळ घरी पळतात: आलियों, व्हुलियों. व्हायही तसाच: व्हालियों. स्वा आणि ए यांची नू-व्हूची रूपं वेगळीच, स्वायों, स्वाये आणि एयों, एये.

एक सांगते. आमच्या मेलचं पहिलं वाक्य ‘व्हये त्रुव्हे सी-ज्वँ’, म्हणजे कृपया सोबत पाहावे. ते ‘व्हये’ या व्हयचंच भावंड आहे हे इतकी वर्षं रोज टाइप करूनही आमच्या टीममध्ये कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. चार क्रियापदांचा आज्ञार्थ सुब्जाँक्तिफच्या अंगानं तयार होतो: स्वाये, एये, साशे, व्हये. त्यामुळे तो आज्ञेपेक्षा विनंतीसारखा ऐकू येतो, अगदी आपल्या ‘पाहावे’सारखा. मादामनी हे जाता जाता सांगितलं आणि पुढे गेल्या. मला विचाराल तर यावर अर्धा तास द्यायला हवा होता, कारण कचेरीचं फ्रेंच यावरच चालतं.

आता तक्रार.

मराठीचा विध्यर्थ हा मादामचा लाडका घोडा आहे, आणि लाडक्या घोड्याला त्या थांबवत नाहीत. चौथ्या-पाचव्या आठवड्यात वर्ग ‘इच्छा आणि गरज’ सोडून ‘भावना’ या भागात शिरला. ‘ज स्वी कोंताँ क त्यु स्वा ला’, तू इथे आहेस याचा मला आनंद आहे. इथे ‘तू असावंस’ कुठे आहे? तू तर समोर बसलायस! मराठी इथे सरळ ‘आहेस’ म्हणते आणि फ्रेंच ‘स्वा’ म्हणते. कॅनडासाठीची फ्रेंचची परीक्षा देणाऱ्या एका मुलीने हाच प्रश्न विचारला. मादाम म्हणाल्या, ‘मनातून तू असावंस असं वाटत होतं ना, म्हणून.’ वर्गाने मान डोलावली. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. कारण ‘ज स्वी त्रीस्त क त्यु स्वा मालाद’, तू आजारी आहेस याचं मला वाईट वाटतं, यात तू आजारी असावास असं कुणाच्या मनात होतं?

माझ्या मते खरी गोम वेगळी आहे. सुब्जाँक्तिफ ‘हे खरं की खोटं’ हे विचारतच नाही. तो विचारतो, बोलणारा ही गोष्ट बातमी म्हणून देतोय का? ‘तू आजारी आहेस’ ही बातमी मी तुला देत नाही, ती तुलाही ठाऊक आहे. मी देतेय ती माझ्या वाईट वाटण्याची बातमी. म्हणून ‘आजारी असणं’ मागच्या बाकावर बसतं आणि त्याला सुब्जाँक्तिफ लागतो. ‘बियँ क’ म्हणजे जरी, त्याच्यामागे सुब्जाँक्तिफ येतो तोही याच कारणाने. ‘बियँ किल प्लव्ह’, पाऊस पडतोय तरी. पाऊस खराच पडतोय, कुणाला इच्छा नाही की शंका नाही. पण बातमी पावसाची नाही, पावसात बाहेर पडणाऱ्याची आहे. हे एवढं पहिल्या तासाला सांगितलं असतं तर भावना, ‘जरी’ आणि शंका या तिन्ही खोल्यांना एकच किल्ली मिळाली असती. मादामनी प्रत्येक खोलीसाठी विध्यर्थाचीच किल्ली घासून पाहिली.

शंकेचं उदाहरण घ्या. ‘तो येईल असं मला वाटतं’, ‘तो येईल असं मला वाटत नाही’. मराठीत दोन्हीकडे ‘येईल’. फ्रेंचमध्ये होकारात साधा भविष्यकाळ, ‘ज पाँस किल व्हियँद्रा’. नकारात सुब्जाँक्तिफ, ‘ज न पाँस पा किल व्हियेन’. इथे विध्यर्थाचा काही उपयोग नाही, उलट अडचणच. ‘इल ए प्रोबाब्ल क’ म्हणजे बहुधा, त्याला साधं रूप. ‘इल ए पोसीब्ल क’ म्हणजे शक्य आहे, त्याला सुब्जाँक्तिफ. ‘इल साँब्ल क’ला बहुधा सुब्जाँक्तिफ आणि ‘इल म साँब्ल क’ला साधं, कारण त्यात ‘मला’ शिरल्याबरोबर ते माझं मत होतं. हे सगळं मादामनी यादीच्या रूपात वाचून दाखवलं. ज्या बाईंनी पहिल्या तासाला तक्ता फेकून दिला होता, त्यांनीच यादी वाचावी हे पाहून मी जरा खट्टू झाले.

आणखी एक फरक त्यांनी सांगायला हवा होता. आपला विध्यर्थ एकटा उभा राहतो. ‘सर्वांनी अगत्य यावे’, ‘चपला बाहेर काढाव्यात’, ‘येथे वाहने लावू नयेत’. फ्रेंच पाटीवर सुब्जाँक्तिफ दिसणार नाही. तिथे ‘देफाँस द स्तासियोने’, म्हणजे ‘गाडी लावण्यास मनाई’. सुब्जाँक्तिफला ‘क’चा आडोसा लागतो. आडोशाशिवाय तो उरलाय तो ठरलेल्या घोषणांत आणि आशीर्वादांत. फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष द गोल यांनी 24 जुलै 1967 ला कॅनडातल्या मोंरेआलच्या नगरपालिकेच्या सज्जातून ‘व्हीव्ह ल केबेक लीब्र’ (स्वतंत्र केबेकचा विजय असो) म्हटलं आणि कॅनडात गदारोळ झाला. त्यातलं ‘व्हीव्ह’ सुब्जाँक्तिफ, आपल्या ‘विजय असो’मधल्या ‘असो’सारखं. ‘ऐंसी स्वातील’ म्हणजे तथास्तु, त्यातला ‘स्वा’ही तोच. हे सांगितलं नाही तर काय होतं ते वर्गात दिसलं. गृहपाठाला वाढदिवसाचं निमंत्रण लिहायचं होतं, निम्म्या वर्गाने ‘क’ न लावता सरळ सुब्जाँक्तिफने वाक्यं सुरू केली. मराठी पत्रिका डोक्यात होती ना.

पण मग सहाव्या आठवड्यात मादामनी असं काही केलं की वरची सगळी तक्रार अर्धी माफ. फ्रेंचमध्ये ‘आधी’ आणि ‘नाहीतर’ अशा शब्दांमागे एक बिनकामाचा नकार येतो. ‘आव्हाँ किल न पार्त’, तो निघण्याआधी. यातला ‘न’ नकारासारखा दिसतो, पण नकार करत नाही. गाळला तरी चालतो. शिष्ट लिखाणात तो हटकून असतो, आणि ‘आ म्वँ क’, म्हणजे ‘तसं झालं तर गोष्ट वेगळी’, याच्यामागेही. परदेशी शिकणाऱ्याला हा ‘न’ छळतो. मादामनी विचारलं, ‘तू येत नाहीस तोवर मी जेवत नाही, यातल्या पहिल्या ‘नाहीस’ने काय नाकारलं?’ कुणीच काही बोललं नाही. खरंच की! आपण रोज असा बिनकामाचा नकार वापरतो आणि आपल्याला कधी खुपलेला नाही. फ्रेंचचा ‘न’ त्या क्षणी ओळखीचा झाला. असं फक्त मराठीतून शिकवणाऱ्या माणसालाच सुचू शकतं, आणि साडेचार हजारांतले दोन हजार मी याच तासाच्या नावे टाकते.

‘एस्पेरे’, आशा करणं, याचा किस्साही ऐका. मराठी माणूस हमखास घसरतो तो इथे. ‘तू यावंस अशी आशा आहे’ म्हणून तो बिनधास्त सुब्जाँक्तिफ लावतो. फ्रेंच लावत नाही. ‘जेस्पेर क व्हूझाले बियँ’, तुम्ही बरे आहात अशी आशा, साधंच रूप. इच्छेला सुब्जाँक्तिफ, आशेला नाही, कारण फ्रेंचमध्ये आशा ही इच्छेपेक्षा अंदाजाच्या जवळची. ‘आप्रे क’, म्हणजे ‘नंतर’, त्याचंही तसंच: व्याकरण साधं रूप मागतं, कारण घडून गेलेलं घडून गेलं. अर्थात ‘आधी’ला सुब्जाँक्तिफ लागतो म्हणून ‘नंतर’लाही तोच लावणारे फ्रेंच लोक पुष्कळ आहेत. आमच्या ग्राहकांच्या मेलमध्ये मी ते सारखं पाहते. मादामना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘त्यांना मार्क कोण देणारे? तुम्हाला द्यायचेत.’

माझ्या कामाला सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेलं वाक्य मात्र यादीतल्या एका कोपऱ्यात होतं: ‘ज कोंप्राँ क व्हू स्वाये देस्यु’. तुमची निराशा मी समजू शकते. ‘कोंप्राँद्र’, समजणं, याच्यामागे साधं रूप लावलं तर अर्थ होतो ‘मला कळलं की तुम्ही निराश आहात’, कोरडं, जणू नोंद करून घेतली. सुब्जाँक्तिफ लावला की ‘तुमचं निराश होणं स्वाभाविक आहे’. ओल्या छताच्या मालकाला यातलं कुठलं वाक्य ऐकवायचं हे सांगायला नको. तसंच ‘इल फो क’ म्हणजे पाहिजेच, ‘इल फोद्रे क’ म्हणजे झालं तर बरं. मागचा सुब्जाँक्तिफ तोच, पण ग्राहकाचा आवाज दुसऱ्यावर दोन पट्ट्या खाली येतो. बोलताना ‘इल’ गळून नुसतं ‘फो क’ राहतं, ते फोनवर ऐकू यायला कान तयार लागतो. वर्गात त्याचा सराव झाला, थोडा.

आणि हवं ते अजून मिळालेलं नाही त्याचा सुब्जाँक्तिफ! ‘ज शेर्श केल्कँ की साश ल माराती’, मराठी येत असेल असं कुणीतरी मी शोधतेय. असं माणूस आहे की नाही ठाऊक नाही, म्हणून ‘साश’. ओळखीची एक बाई आहे, तिलाच शोधतेय, तर ‘की से’. इथे मराठी विध्यर्थ वापरत नाही, ‘असेल’ म्हणते, पण दोन्ही भाषांनी अस्तित्वात नसलेल्या माणसासाठी वेगळं रूप राखून ठेवलंय याची मजा वाटली. भाड्याच्या जाहिराती वाचताना मी हल्ली ‘बाल्कनी असलेलं’ आणि ‘बाल्कनी असेल असं’ यांत फरक करायला लागलेय, नवरा कंटाळलाय.

सोयींबद्दल थोडक्यात, कारण तिथे फारसं काही नाही. नोट्स हाताने लिहिलेल्या, मोबाइलवर फोटो काढून पीडीएफ केलेल्या. अक्षर सुरेख, पण दोन पानांवर मादामच्या बोटांची सावली. रेकॉर्डिंग मिळतं, आवाज विहिरीतून यावा तसा. गृहपाठ तपासून येतो, पण उशिरा. व्हॉट्सॲपच्या गटावर प्रश्न विचारलेला चालतो, ‘सुप्रभात’ टाकलेलं चालत नाही, हा नियम मला फार आवडला. स्पेलिंगकडे मादाम जवळजवळ ढुंकूनही पाहत नाहीत, हा दोष मात्र मोठा. ऐकून ‘स्वा’ आलं, पण ते लिहिताना कर्त्याप्रमाणे शेपूट बदलतं, आणि ‘पाहणं’, ‘विश्वास ठेवणं’, ‘अभ्यास करणं’ यांसारख्यांच्या नू-व्हूच्या रूपात एक जादा ‘इ’ येतो, जो कानाला जवळजवळ लागत नाही. लेखी परीक्षा देणाऱ्याने यासाठी तक्त्यांचं एखादं पुस्तक जवळ ठेवावंच.

मोबाइलवरच्या ॲपशी तुलना करायचा मोह होतो, पण ती दोन वेगळी कामं आहेत. ॲप रूपं घोटून घ्यायला उत्तम, लोकलमध्ये, बसमध्ये, डॉक्टरकडे वाट बघताना. पण ‘तो येतोय’ आणि ‘त्याने यावं’ यातली फट ॲप दाखवत नाही, निदान मी वापरलेली तरी.

तर हा वर्ग कुणी करावा? वर्तमानकाळ, चालू भूतकाळ आणि भविष्यकाळ येतात, म्हणजे युरोपीय पातळ्यांच्या भाषेत ए-दोन उरकलंय, अशांनी डोळे मिटून करावा. नोकरीत फ्रेंच बोलावं लागतं अशांनी तर नक्कीच. कॅनडाच्या परीक्षेला महिनाभर उरलाय आणि लेखी मार्क हवेत, अशांनी करू नये. त्यांना लेखी सराव हवा, तो इथे नाही. आणि ज्यांचं शालेय शिक्षण मराठीतून झालं नाही त्यांना अर्धी मजा कळणार नाही. बॅचमधला एक इंग्रजी माध्यमाचा मुलगा ‘विध्यर्थ’ हा शब्द शेवटपर्यंत एखाद्या औषधाच्या नावासारखा म्हणत होता.

माझे गुण: पहिल्या चार आठवड्यांना पाचपैकी पाच, पाचव्या आणि सातव्याला अडीच, सहाव्याला पाच. शेवटचा आठवडा उजळणीत गेला आणि लाइट गेल्यामुळे अर्धा बुडाला, त्याची भरपाई मादामनी रविवारी संध्याकाळी केली. सुब्जाँक्तिफ पासेसाठी त्यांची वेगळी छोटी बॅच असते, फी पंधराशे, जुन्या विद्यार्थ्यांना बाराशे. काका आणि मी दोघांनीही नाव दिलंय.